एकवीस सेंटिमीटर

विद्याने धुवायला काढलेला बनियन खिडकीपाशी नेला आणि उलटा करून झटकला. भुसा पडला. लाकडाचा, पिवळसर, ताजा. तोही पुढून नाही, पाठीकडून. म्हणजे हा माणूस कुठेतरी लाकडावर उताणा झोपला होता आणि घरी येऊन सांगत होता की बसवंतच्या कारखान्यातलं मशीन दुरुस्त केलं.

बनियन हातात घेऊनच ती बाहेर आली. पद्माकर जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसला होता.

"अहो, काल मशीनला नक्की काय झालं होतं?"

"बेल्ट तुटला होता."

"मग शर्ट काढून बेल्ट बसवलात?"

"उकडत होतं गं."

"जानेवारीत? बंगळुरात?"

पद्माकर खोडरबर शोधायला लागला. खोडरबर त्याच्या समोरच होता. हा माणूस खोटं बोलायला लागला की काहीतरी शोधायला लागतो, हे विद्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. बनियन तिने मशीनमध्ये टाकला, पण मशीन लावलं नाही.

एखादीला नवऱ्याच्या शर्टावर लांब केस सापडतो, विद्याच्या नशिबी भुसा आला. खरं तर बाई असती तर परवडली असती, असंही तिच्या मनात येऊन गेलं. बाईशी भांडता तरी येतं. विद्याची सवत म्हणजे गुहा होती, आणि ती दूर मेघालयात डोंगराच्या पोटात बसलेली होती.

सरकारी संशोधन संस्थेत नोकरी करत असल्यापासून पद्माकर दर फेब्रुवारीत तिकडे जायचा. सोबतीला स्लोव्हेनियाचे, इंग्लंडचे, कुठले कुठले लोक. ही सगळी शिकलीसवरलेली माणसं महिनाभर चिखलात सरपटायची आणि सरपटता सरपटता मोजायची. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत अंतर किती, दिशा कोणती, चढ की उतार, छत किती उंच. मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा त्यांचा नियम. मग पद्माकर घरी येऊन वर्षभर एचएसआर लेआउटमधल्या फ्लॅटमध्ये त्याचा नकाशा काढायचा. जिथपर्यंत माणूस पोचला तिथपर्यंत रेघ, आणि जिथे रेघ संपते तिथे प्रश्नचिन्ह. पाहुणे आले की विद्या ती प्रश्नचिन्हं गुंडाळून ठेवायची आणि पानं मांडायची.

त्यातल्या एका प्रश्नचिन्हाची गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावीच लागे. गुहेच्या शेवटाला एक आडवी फट होती. पद्माकरने तिचं नाव टपालपेटी ठेवलं होतं. "उंची एकवीस सेंटिमीटर," तो हाताने दाखवायचा, "आणि माझं पोट चोवीस!" पाहुणे हसायचे. तो स्वतः तिथे अडकून परत फिरला होता. पण त्यांच्यातली मारुशा नावाची किडकिडीत पोरगी पलीकडे गेली आणि अंधारातून ओरडली की इथे नदी आहे, माझा दिवा समोरच्या भिंतीला पोचत नाही. एवढं सांगताना पद्माकरचा आवाज दरवेळी बदलायचा. विद्या अशा वेळी चहा टाकायला उठायची, कारण त्या फेब्रुवारीत तिने फोनपाशी कशा रात्री काढल्या होत्या ते कुणी विचारत नसे.

मग दोन वर्षांपूर्वी पद्माकरच्या हृदयात स्टेंट बसले. हॉस्पिटलच्या खाटेवरून त्याने आपण होऊन शब्द दिला की आता गुहा बंद. नकाशे काढीन, पण आत पाऊल ठेवणार नाही. विद्याने त्या शब्दावर विश्वास ठेवला. त्या विश्वासावर ती रात्री झोपत होती, आणि आता तो भुसा.

दुपारी तो झोपलेला पाहून तिने माळ्यावरची ट्रंक उघडली. हेल्मेट नव्हतं. गुडघ्यांना बांधायचे लाल पॅड नव्हते. गुहेत घालायचा अंगभर पोशाख मात्र घडी घातलेला तसाच होता. ती शिडीवर उभी राहून विचार करत राहिली. पोशाख का नेला नाही? उत्तरही तिनेच शोधलं. बारीक व्हायचं ठरवलं असेल, नवा शिवायला टाकला असेल. गेले काही दिवस तो दुसरी पोळी नको म्हणत होता, तेही मग नीट जुळलं. संशयाचं असंच असतं, पुरावा नसला तरी त्याचं अडत नाही.

शुक्रवारी तो आतल्या खोलीत दार लावून फोनवर बोलत होता. इंग्रजी बोलत होता म्हणजे मारुशाच असणार. विद्या दाराबाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसली. घड्या संपल्यावर तिने त्याच पुन्हा घातल्या.

"रविवारी शेवटचं बघतो," तो म्हणत होता. "सोमवारी नाव पक्कं कळवतो."

रविवारी सकाळी पद्माकर पोहे खाऊन निघाला. बसवंतकडे, बोम्मसंद्र्याला, बेल्ट पुन्हा तुटला होता. तो गेल्यावर विद्याने मुलीला फोन लावला. शमिका मारतहळ्ळीला मैत्रिणींबरोबर राहत होती, तिथून ऑफिस जवळ पडतं म्हणून. तिच्याशी बोललं की डोकं जरा ठिकाणावर येतं. पण तिने फोन उचलला नाही, मेसेज आला. रविवार असूनही कामावर आहे, नंतर बोलू.

"सगळेच कामाचे," विद्या म्हणाली, आणि तिने पायात चपला घातल्या.

सिल्क बोर्डवरून मेट्रो धरली आणि बोम्मसंद्र्याला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याने मीटरवर रुमाल टाकला होता. विद्याने भाव केला नाही, हे तिच्या आयुष्यात क्वचितच घडलं असेल. वाटेत ती मनात वाक्यं जुळवत होती. तिने शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवलं होतं आणि कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नव्हता. शमिकाही तिच्याच वर्गात होती. आठवीत एकदा ती दोन मार्कांनी नापास झाली तेव्हा विद्याने तिला तशीच नापास ठेवली. घरी तीन दिवस कुणी जेवलं नाही, पण मार्क वाढले नाहीत. अशा बाईला शब्द देऊन मोडतो म्हणजे काय? आज ती त्याला सगळ्यांसमोर विचारणार होती की तुला मरायचं असेल तर मला आधी सांगून का मरत नाहीस.

बसवंतचा कारखाना यंत्रं पाठवायच्या लाकडी खोक्यांचा. दारातच तो भेटला. बेळगावकडचा भला माणूस, विद्याला बघून त्याच्या हातातला पान्हा खाली आला.

"अक्का! तुम्ही कशाला आलासा इतक्या लांब? फोन करायचा की."

"सर कुठे आहेत?"

"सर आत हायत... स्वल्प थांबा अक्का, मी बोलावतो. बसा की, कापी सांगतो."

"बसायला नाही आले, बसवंत."

ती सरळ आत गेली. रविवार असल्याने करवती बंद होत्या. मागच्या कोपऱ्यात प्लायवूडचा एक चपटा सांगाडा होता. जमिनीवर एक फळी, तिच्यावर थोडी जागा सोडून दुसरी फळी. वरची फळी चार कोपऱ्यांवरच्या लांब बोल्टांवर टेकलेली, नट फिरवले की वर-खाली होणारी. बाजूला मापाची एक स्टीलची पट्टी स्क्रूने बसवलेली. आणि त्या दोन फळ्यांमधून, एका टोकाला, दोन पाय बाहेर आले होते. गुडघ्यांना लाल पॅड होते.

"अहो!" विद्या ओरडली.

"काय?" पद्माकर म्हणाला.

तो सांगाड्याच्या पलीकडे उभा होता. हातात पान्हा, चेहऱ्याचा रंग उडालेला. विद्याने पुन्हा त्या पायांकडे पाहिलं. बारीक घोटे, आणि डाव्या घोट्यावर काळा दोरा. तो दोरा तिनेच बांधला होता, मुलगी पहिल्यांदा घराबाहेर राहायला गेली तेव्हा.

"कोण आलंय बाबा?" फळ्यांमधून दबलेला आवाज आला.

"आई."

बाहेर आलेले पाय हलायचे थांबले.

"आई, प्लीज, आत्ता नको ना," शमिका म्हणाली. श्वास पुरत नसल्यामुळे तिचे शब्द तुटत होते. "बाहेर आले की ओरड. मी अर्ध्यावर आहे. छाती अडकलीये फक्त."

फक्त! विद्या तिथल्याच एका खोक्याच्या कडेवर बसली. पद्माकर जवळ आला आणि हलक्या आवाजात बोलायला लागला, इतक्या घाईने की महिनाभर ते तोंडात धरून ठेवलं असावं.

"तिने फेब्रुवारीच्या मोहिमेसाठी परस्पर अर्ज केला. हल्ली माणसं मारुशाच निवडते, तिने घेतलंही हिला. बारीक आहे, माझी मुलगी आहे, त्यांना टपालपेटीतून जायला माणूस हवाय. मला शेवटी कळलं. नाही म्हटलं असतं तर माझ्याशी भांडून गेली असती. म्हणून अट घातली. टपालपेटीच्या मापातून माझ्यासमोर निघून दाखव, मग मी स्वतः नाव कळवतो. नाही निघालीस तर नाव मागे. आज शेवटचा दिवस."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू..."

"मी काय केलं असतं?"

विद्याला त्याचा गळा धरावासा वाटला. ती इतके दिवस याच्यासाठी घाबरत होती, आणि घाबरायचं होतं ते पोटच्या पोरीसाठी. आपण चुकीच्या माणसावर पाळत ठेवली.

"आणि निघाली तर?" तिने विचारलं.

पद्माकर खिशात काहीतरी शोधायला लागला.

विद्याने ते पाहिलं. मग तो मुद्दाम जिकडे बघत नव्हता तिकडे पाहिलं. स्टीलची पट्टी. वरच्या फळीची कड पट्टीवर जिथे टेकली होती तो आकडा तिला नीट दिसेना. तिने पर्समधून चष्मा काढून लावला आणि पुन्हा वाचला. अठरा.

"बाबा," आतून शमिका म्हणाली, "एकवीसच आहे ना?"

"एकवीसच."

"मला का असं वाटतंय की कमी आहे?"

"सगळ्यांना वाटतं. मलाही तिथे वाटलं होतं."

विद्या नवऱ्याकडे बघत राहिली. त्यानेही मान वर करून पाहिलं आणि लगेच खाली घातली. पाठीवरचा भुसा कुठून आला होता तेही तिला आता समजलं. हा माणूस आधी स्वतः त्याखाली झोपून, कितीला माणूस नक्की अडकतो ते बघत होता. पलीकडची नदी बघायला जो स्वतः वर्षानुवर्षं झुरला, तोच आपल्या मुलीला नदीपासून अडवायला फळी खाली घेत होता. विद्याला त्याची कीव आली. आणि त्याच्याही आधी, खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला होता. पोरगी अडकलीये. संध्याकाळपर्यंत अशीच अडकून राहील, रडेल, चार दिवस बोलणार नाही, आणि फेब्रुवारीत घरी असेल.

"आई, तू आहेस ना तिथे?"

"आहे."

"मला मान वळवता येत नाहीये, तोंड भिंतीकडे आहे. तू पट्टी बघ ना. किती आहे सांग."

पद्माकरच्या हातातला पान्हा स्थिर झाला. दारातून बसवंत कॉफीचे स्टीलचे पेले घेऊन येत होता. इथे काहीतरी चाललंय हे ओळखून तो तिथेच थांबला.

विद्याने चष्मा नाकावर नीट बसवला. अठरा होते. कितीही वेळा वाचलं तरी अठराच होते. तिला एकदम आठवीतल्या शमिकाचा चेहरा दिसला, पेपर हातात घेऊन उभी असलेली, एक शब्दही न बोलता. तेव्हा आपण बरोबर होतो असं ती आजवर धरून चालली होती.

"आई?"

"एकवीस," विद्या म्हणाली.

आवाज अगदी सरळ आला. वर्गात निकाल वाचताना यायचा तसा.

आतून एक लांब उसासा ऐकू आला, कुणी अंगातलं ओझं खाली ठेवावं असा, आणि तो बराच वेळ बाहेर येत राहिला. शमिकाच्या टाचा लाकडावर घट्ट रुतल्या. लाल पॅड थोडे आत सरकले. फळी करकरली. पद्माकर पुढे झाला आणि थबकला. पॅड आत गेले, मग पोटऱ्या, मग तो काळा दोरा असलेला घोटा, आणि पलीकडच्या टोकाने आधी एक हात आणि मग केस विस्कटलेलं डोकं बाहेर आलं.

"निघाले!" शमिका किंचाळली. "बाबा, निघाले! आई!"

ती धडपडत उठली. गालावर फळीचे वळ होते, डोळ्यांत पाणी. ती धावत येऊन विद्याच्या गळ्यात पडली. विद्या सांगाड्याकडे पाठ करून उभी होती, ओढणी पसरून, पट्टी झाकली जाईल अशी. मुलीच्या खांद्यावरून तिला पद्माकर दिसला. तो हसायचा प्रयत्न करत होता.

"सांगू का आई," शमिका तिच्या कानाशी म्हणाली, "बाबा एकवीस म्हणत होते ना, तेव्हा मला खरंच वाटत नव्हतं. मला डाउट होता की ते मुद्दाम कमी ठेवतायत, मी जाऊ नये म्हणून. सॉरी बाबा! सगळं लक्ष त्या डाउटमध्येच. अंग नुसतं आवळून धरलं होतं. तू म्हणालीस तेव्हा म्हटलं, आता प्रश्नच नाही. मग सुटलंच सगळं आपोआप."

विद्याने तिच्या केसांतला भुसा काढायला घेतला. एक एक कण वेचून काढत राहिली.

"कापी गार होतीया," बसवंत दारातून म्हणाला.

कुणी कॉफी घेतली नाही. शमिका घटाघटा पाणी प्यायली आणि तिने बाटली ठेवली.

"बाबा, आता अठरावर आणा ना. एकदाच. तिथे अंगावर ओला चिखल असतो, तीनेक सेंटिमीटर हाताशी हवेत."

"पुरे आज," पद्माकर म्हणाला. "दमलीयेस."

"नाही दमले. खरंच. अठरातून निघाले तर आईपण निर्धास्त राहील. हो की नाही आई?"

पद्माकर विद्याकडे बघू लागला. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, काहीतरी कर म्हणून. विद्या सांगाड्यासमोरून हलली नाही.

"तू जा त्या टोकाला," ती मुलीला म्हणाली. "मी आणते खाली."

"तुला जमेल?"

"नट फिरवायला काय लागतं?"

शमिका पॅड घट्ट करत पलीकडे गेली. विद्याने नवऱ्याच्या हातातून पान्हा घेतला. एक नट थोडा उजवीकडे फिरवला, मग तेवढाच डावीकडे. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तसेच. फळी होती तिथेच राहिली. पद्माकर बघत होता, पण त्याने काही शोधलं नाही. विद्याच्या हातातला पान्हा नटावर वाजत होता.

शमिका आडवी झाली. हात पुढे करून, मान वळवून ती आत सरकली. छातीपाशी आल्यावर थांबली.

"किती आहे आई?"

"अठरा."

हा आवाज तसा आला नाही. मध्येच कुठेतरी फुटला.

आत श्वास अडल्याचं ऐकू आलं.

"नक्की ना?" शमिका म्हणाली. "आई? तुझा आवाज असा काय येतोय? खरं सांग, कमी केलंयस का?"

विद्याने पान्हा खाली ठेवला. सांगाड्याला वळसा घालून ती जिथून शमिका बाहेर येणार त्या टोकाला गेली आणि भुशातच मांडी घालून बसली. मुलीचा हात फळ्यांमधून पुढे आला होता, बोटं जमीन चाचपत होती. अडकलेल्या माणसाला ओढायचं नसतं, हे तिने वर्षानुवर्षं जेवणाच्या टेबलावर ऐकलं होतं. तिने तो हात नुसता धरला.

"अठराच आहे," ती म्हणाली. "ये."